दीडचा फोन

२ मार्च २०२५, रविवार

पोहोचले एकदाची. मिरजेहून निघून दीड दिवस झाला. चिखलीपर्यंत एसटी, तिथून अमडापूर, आणि अमडापूरच्या फाट्यावरून काळीपिवळी. जीपमध्ये तेरा माणसं, दोन कोंबड्या आणि माझी जर्मन पुस्तकांची पेटी. पेटी कुणाच्या पायाखाली ठेवायची यावर बराच वाद झाला. शेवटी एका आजोबांनी ती मांडीवर घेतली आणि कोळदरी येईपर्यंत सोडली नाही.

मला जर्मन शिकवायला बोलावणारे रंगराव स्वतः कोळदरीच्या फाट्यावर उभे होते. साठीचे असतील. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. पूर्वी चिखलीत गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. पाच वर्षांपूर्वी गावाबाहेरची बंद पडलेली डाळमिल घेऊन त्यात विदेश शिक्षण केंद्र काढलं. आठ किलोमीटरवर अमडापूर, बाकी चहूकडे हरभऱ्याची कापलेली शेतं, आणि मध्येच भिंतीएवढा युरोपचा नकाशा. मला हसूच आलं. नकाशाखाली सात फोटो आहेत. कोळदरीची सात मुलं जर्मनीत शिकतात. सगळ्यांच्या अंगात लोकरीचे जाड कोट, सगळ्यांचं हसू लांबलचक.

राहायची सोय मोतीराम आणि सत्यभामाबाईंकडे झाली आहे. नवरा-बायको दोघंच. वांगी, मिरची, सांबार लावतात. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे आज शिकले. त्यांची मुलगी अर्पिता त्या सातांपैकी एक. तिचीच खोली मला दिली आहे. स्लॅबचं घर, खिडकीत कूलर, बाहेर निंबाची सावली. जेवायला भाकर, भरली वांगी आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सत्यभामाबाई पहिल्यांदा हसल्या.

मला इथे बरं वाटेल असं वाटतंय.

४ मार्च, मंगळवार

वर्ग सुरू झाला. सहा मुलं आहेत, पाच नवीन आणि एक वैष्णवी. नवीन मुलांना डेर, डी, दास शिकवताना मजा येते. टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी कशी, यावर त्यांचा माझ्यावरच राग.

वैष्णवीला शिकवायचं फारसं काही उरलेलं नाही. बावीस वर्षांची, चिखलीच्या कॉलेजातून बीएस्सी, मृदाशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळालेला, व्हिसा हातात. २४ तारखेला निघायचं आहे. बोलते फटाफट. आई लहानपणीच गेली, वडील दयाराम शेती करतात. तिनं मला विचारलं की मॅडम तुम्ही स्वतः का नाही गेलात. मी खरं सांगितलं. दोनदा अर्ज केला, दोनदा व्हिसा नाकारला. ती म्हणाली, मी तिथून तुमच्यासाठी विचारीन.

केंद्रात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. कॅमेरा, दिवा, माईक. मुलाखतीचा सराव म्हणतात. मुलं रोज तासभर तिथे बसून आपल्याबद्दल बोलतात. मराठीतून. घर कसं, आई काय म्हणते, लहानपणी कशाची भीती वाटायची. जर्मन मुलाखतीला मराठी सराव कशाला, असं मी विचारलं. रंगराव म्हणाले, आधी माणूस मोकळा झाला पाहिजे, मग भाषा येते. पटलं मला. मीही तासभर बोलून आले. आईबद्दल बोलताना रडू आलं. बरं वाटलं नंतर.

७ मार्च, शुक्रवार

आज अर्पिताशी ओळख झाली. रोज दुपारी दीडला तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे सकाळचे नऊ. सत्यभामाबाई सव्वा वाजल्यापासून हात धुऊन, केस सारखे करून फोनसमोर बसतात. आज मलाही बसवलं.

गोड मुलगी आहे. मागे खिडकी, खिडकीबाहेर बर्फ, भिंतीवर गोल घड्याळ. आईला विचारते, जेवली का वं माय? भाजीला काय होतं? गुडघा दुखते का? असं सगळं. दीड वर्ष परदेशात राहूनही बोलणं जसंच्या तसं वऱ्हाडी. माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर मला चार दिवस ऐकवलं असतं. मी आठवड्यातून एकदा फोन करते तोही घाईत.

कौतुकानं मी तिला जर्मनमध्ये विचारलं, कशी आहेस, अभ्यास कसा चाललाय. ती हसत राहिली. मी पुन्हा विचारलं. मग तिनं माझंच वाक्य मला परत म्हणून दाखवलं. शब्दाला शब्द. माझा मिरजेचा हेलसुद्धा.

नेटवर्कमुळे आवाज परत आला असेल. सत्यभामाबाईंनी फोन स्वतःकडे वळवून घेतला. नंतर जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, की तिच्याशी इंग्रजी-जर्मन बोलू नका, तिले आवडत नाही.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड होती म्हणून वर्ग नव्हता. दुपारी गावात सहज चक्कर मारायला निघाले. रंगलेली पोरं गल्लीत ओरडत होती. सव्वा वाजल्यानंतर एकेक करून आत गेली. दीडला गल्लीत कुत्रंही नव्हतं.

दारं उघडी होती. चालता चालता आतले आवाज कानावर येत होते. पहिल्या घरातून एक मुलगा विचारत होता, जेवली का वं माय? चार घरं सोडून एक मुलगी, जेवली का वं माय? पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आवाज वेगळे, माणसं वेगळी, पण एकाच क्षणी. मग हसणं. सगळ्या घरांतून एकदम हसणं सुरू झालं आणि एकदम थांबलं.

मी देवळाच्या पायरीवर बसले. ऊन फार होतं. उन्हात माणसाला काहीही ऐकू येतं असं मनाशी म्हणत होते. तेवढ्यात लक्षात आलं की समोरच्या ओट्यावर मोतीराम उभे आहेत आणि माझ्याकडेच बघत आहेत. मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, दुपारचं घरात राह्यत जा मॅडम.

१८ मार्च, मंगळवार

हजेरीपट शोधत होते. नकाशाजवळच्या कपाटात खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला गठ्ठा सापडला. जर्मनीहून आलेली पाकिटं, वेगवेगळ्या विद्यापीठांची. सगळी बंद. कुणी फोडलेलीच नाहीत. त्यात अर्पिताचं नाव दिसलं. पाकीट दुसऱ्याचं आहे हे कळत होतं. तरी फोडलं. काही महत्त्वाचं राहून गेलं असेल तर पोरीचं नुकसान नको, असं वाटलं.

चार ओळींचं पत्र. तारीख ऑक्टोबर २०२३ ची. आपण ठरलेल्या मुदतीत नोंदणीसाठी हजर झाला नाहीत, आमच्या ईमेललाही उत्तर दिलं नाहीत, म्हणून आपला प्रवेश रद्द करून जागा पुढच्या विद्यार्थ्याला देण्यात येत आहे.

मग उरलेलीही फोडली. सात मुलांची सात पत्रं. शहरं वेगळी, मजकूर एकच. हजर झाला नाहीत.

सातही जण गेले. सातही जण पोहोचले नाहीत.

१९ मार्च, बुधवार

रंगरावांना पत्रं दाखवली. ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं. म्हणाले, मुलांनी ऐनवेळी विद्यापीठं बदलली, असं फार होतं, तुम्ही स्वतः गेला असतात तर तुम्हाला कळलं असतं. मग पत्रं माझ्या हातातून घेतली आणि खिशात ठेवली. विचारलं, हे घरी बोलल्या नाही ना? मी नाही म्हणाले.

पण संध्याकाळी बोललेच. सत्यभामाबाई मिरच्या खुडत होत्या. मी हळू आवाजात सांगितलं की अर्पिता ज्या विद्यापीठात शिकते म्हणता, तिथे ती कधी गेलेलीच नाही. त्यांचे हात थांबले नाहीत. खुडलेल्या मिरच्या सुपात टाकल्या. मग म्हणाल्या, "तुमाले वाचता येते म्हून काईबी वाचाचं का?"

रात्री ताट बाहेर ओट्यावर ठेवलेलं होतं. एकटीसाठी. भाकर सकाळची.

२२ मार्च, शनिवार

गाव बदललं. किराणा दुकानात साबण मागितला तर संपला म्हणाले. साबण समोर दिसत होता. हापशीवर माझी बादली दोनदा बाजूला सारली. कुणी शिवी देत नाही, कुणी आवाज चढवत नाही. फक्त मी गेले की बोलणं थांबतं.

वर्गात आज फक्त वैष्णवी आली. मी तिला सगळं सांगितलं. पत्रं, तारखा, दीडचे फोन. हात जोडले तिच्यापुढे, की तू जाणारच, पण रंगरावांच्या गाडीनं जाऊ नकोस. मी तुला मुंबईला सोडते. विमानतळाच्या आत जाईपर्यंत उभी राहते.

ती ऐकत होती. मग उठली. म्हणाली, "मॅडम, तुमचा व्हिसा झाला नाही म्हून माझा होऊ नये असं वाटते तुमाले." अगदी शांतपणे म्हणाली आणि निघाली. दारातून परत आली आणि म्हणाली की वडिलांना तिनं कालच स्पष्ट सांगितलंय, ती परत येणार नाही, तिकडेच नोकरी, तिकडेच घर. दोघांचं भांडण झालं. दयाराम रात्री जेवले नाहीत. आज सकाळी मात्र स्वतः रंगरावांकडे जाऊन आले आणि आल्यापासून अगदी शांत आहेत. पोरीला म्हणाले, जा, खुशाल जा.

हे सांगताना वैष्णवी खुश होती.

२४ मार्च, सोमवार

गेली. सकाळी सहाला. अख्खं गाव जमलं होतं. नवा मरून रंगाचा कोट तिनं चाळीस डिग्रीच्या दिवसांत अंगात घातला होता, फोटोसाठी. दयारामांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. गाडीत रंगराव, मोतीराम आणि ती. मी गर्दीतून पुढे जायचा प्रयत्न केला. कुणी ढकललं नाही. बायका फक्त खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि वाट राहिली नाही.

गाडी अमडापूरकडे वळायला हवी होती. ती डाळमिलकडे वळली आणि मिलच्या मागे दिसेनाशी झाली. काही सामान राहिलं असेल.

मोतीराम साडेनऊला जेवायला घरी होते.

मुंबई इथून नऊ तास आहे.

२५ मार्च, मंगळवार

विमान दुबईमार्गे होतं. तिकीट मीच छापून दिलं होतं. उतरायची वेळ तिथली दुपारी एक पंचवीस. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा.

दीड वाजता दयारामांच्या घरी फोन आला.

मी ओट्याखाली उभी होते. त्यांनी मला हाकललं नाही, उलट फोन माझ्याकडे वळवला. वैष्णवी. मागे खिडकी, बर्फ, गोल घड्याळ. अर्पिताच्या मागचंच घड्याळ. म्हणाली, पोचली गा बाबा, जेवले का? दयाराम रडत होते. आनंदानं रडत होते. मी ओरडून विचारलं, वैष्णवी, तू कुठे आहेस. ती हसली आणि तेच वाक्य माझ्या आवाजात परत म्हणाली.

तिचं विमान अजून आकाशात होतं.

२७ मार्च, गुरुवार

काल पोलिसांना फोन केला होता. आज जमादार आले. सभ्य माणूस. माझं सगळं लिहून घेतलं. मग दयारामांकडे गेले. दीड वाजलेलाच होता. त्यांनी स्वतः वैष्णवीशी बोलून पाहिलं. तिनं त्यांना नमस्कार केला, बर्फ दाखवला. नंतर उरलेल्या सात घरांतही तेच. आठ आईबाप, आठ मुलं, सगळी सुखरूप. कुणाचीच तक्रार नाही.

जाताना मला म्हणाले, मॅडम, तुमी काई दिवस घरी जाऊन या, आराम करा. माझी कीव येत होती त्यांना.

मी स्वतःला समजावतेय की आजकाल मशीनवर सगळं करता येतं. आवाज, चेहरा. त्या मागच्या खोलीत तास तास रेकॉर्ड केलेलं आहेच. असंच असेल. असंच असावं. पण आज मी स्वयंपाकघरात होते, दाराआड, कॅमेऱ्यासमोर नव्हतेच. आणि अर्पिता आईला म्हणाली, "मॅडमचे डोळे काऊन लाल झाले वं? झोपत नाही का ते?"

३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळी घरोघरी गुढ्या. माझ्या हातात कुणी साखरेची गाठी ठेवली नाही.

डाळमिलच्या गच्चीवरही लांबून गुढ्या दिसल्या. इतक्या कशाला म्हणून गच्चीवर चढले. गुढ्या नव्हत्या. दोरीवर कोट वाळत घातले होते. लोकरीचे, जाड, एका रांगेत. फोटोतले सात. आठवा मरून. त्याच्यातून पाणी ठिबकत होतं. कॉलरच्या आत वैष्णवीनं जर्मन स्पेलिंगमध्ये आपलं नाव शिवलेलं. मीच तिला दाखवलं होतं कसं लिहायचं.

खाली अंगणात बायका बसून पुरण वाटत होत्या. त्यांनी वर पाहिलं. मला पाहिलं. पुन्हा पुरण वाटू लागल्या.

दुपारी अर्पिताचा फोन आला तेव्हा मी तिच्या मागच्या घड्याळाकडेच बघत होते. आजपासून तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागच्या भिंतीवर दहा वाजायला हवे होते.

नऊच वाजले होते.

ती जिथे आहे तिथे घड्याळ कुणी पुढे करत नाही.

३१ मार्च, सोमवार

सत्यभामाबाई खोलीत आल्या. स्वतःहून. दार लावून माझ्याजवळ बसल्या. मी विचारलं, अर्पिता कुठे आहे. त्या चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत.

म्हणाल्या, अर्पितानं जायच्या आधी सांगितलं होतं, मी येणार नाही, तुमी म्हातारे झाल्यावरबी बोलावू नका, मले हे गाव नाही पायजे. तीन दिवस मायलेकी बोलल्या नाहीत. मग रंगराव आले. ओट्यावर बसून त्यांनी एकच गोष्ट विचारली. पोरगी पायजे का पोरीचा फोन पायजे? पोरगी तर तशीबी जाऊन राह्यली. गेल्यावर सहा महिने फोन करीन, मंग सणावाराले, मंग तेबी नाही. पन हा फोन रोज येईन. मरेपर्यंत येईन.

मी म्हणाले, बाई, तुम्ही काय केलंत.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी काईच नाही केलं माय. मी फक्त फोन म्हतलं."

त्यांचे हात किती उबदार होते.

मी विचारलं, मग मुलं कुठे आहेत. गाडी डाळमिलच्या मागे नेतात ती कुठे नेतात. त्या उठल्या. म्हणाल्या, तिथं थंड हाय. लय थंड. भर उन्हातबी. आमी बाया कोनी जात नाही तिकडं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातला निघाले. पेटी सोडली, फक्त ही वही आणि फोन. अमडापूरपर्यंत चालत जायचं, तिथून मिळेल ती एसटी.

तीन जीप शेजारून गेल्या. हात केला. थांबल्या नाहीत. चौथी थांबली. आत मोतीराम आणि दयाराम.

ओढलं नाही मला. दयाराम खाली उतरले, माझ्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकला, म्हणाले ऊन लागीन. मी पळाले. कापलेल्या तुरीच्या शेतातून. खुंट पायात घुसले. मागे वळून पाहिलं तर ते दोघं पळत नव्हते. बांधावर उभे होते. समोरच्या बांधावर आणखी चार जण. पलीकडे बायका. सगळे शांत उभे, जणू एखाद्या गाईला घरी वळवायची आहे.

खोलीच्या दाराला आता बाहेरून कडी आहे. पायाला हळद लावली. सत्यभामाबाईंनीच. फुंकर घालून लावली.

फोन काढून घेतला नाही. याचंच मला —

२ एप्रिल, बुधवार

कळलं, फोन का काढून घेतला नाही.

आईला लावला. लागला. मी रडत रडत सांगत होते, आई मी कोळदरीत आहे, मला कोंडलंय, मामाला पाठव, पोलीस पाठव. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, कोण बोलतंय?

मी सुचिता, आई.

म्हणाली, सुचिता जर्मनीला पोहोचली. चार दिवस झाले. रोज दीडला फोन करते. बर्फ दाखवते. माझ्या पायांचं विचारते. मागच्या वेळी भांडून गेली त्याची माफी मागितली पोरीनं. तू कोण आहेस बाई, तिच्या आवाजात का बोलतेस.

मी लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. कृष्णाघाटावर हरवले होते ती. आजोबांच्या चष्म्याची. आई म्हणाली, हे सगळं तिनं कालच सांगितलं.

त्या खोलीत. तासभर. मीच बोलून आले होते सगळं.

व्हिडिओ लाव म्हणाले. लावला. आईनं मला पाहिलं. सुजलेले डोळे, फाटका कुडता, अंगभर धूळ. बराच वेळ पाहिलं. ओळखलं तिनं. मला शपथेवर सांगता येईल, तिनं मला ओळखलं. तिचा चेहरा हलला.

मग घड्याळाकडे पाहिलं. दीडला दोन मिनिटं कमी होती.

म्हणाली, ठेवते. तिचा फोन येईल.

पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. चाळीस मिनिटं व्यस्त. आम्ही दोघी कधी चाळीस मिनिटं बोललो नव्हतो —

३ एप्रिल, गुरुवार

सकाळ. आईनं माझा नंबर बंद केलाय. लागतच नाही. मामाला लावला. मामा म्हणाला, ताईनं सांगून ठेवलंय, असा कुणाचा तरी फोन येईल म्हणून. ठेवला त्यानंही.

आठ मुलांच्या आईबापांनी हो म्हटलं होतं. माझ्या आईला कुणी विचारलं? रंगरावांनी? कधी विचारलं? की तिनं न विचारताच —

नाही. नाही लिहायचं ते.

*

अकरा वाजले. गाडीचा आवाज. रंगराव ओट्यावर आहेत, चहा पिताहेत. सत्यभामाबाईंना म्हणत आहेत, मॅडमचं लय मन होतं जर्मनीचं. दोनदा नाही म्हतलं त्या लोकायनं. सत्यभामाबाई म्हणाल्या, हाव, लय मन होतं.

होतं म्हणत आहेत.

*

कूलर बंद आहे. लाईट नाही. बाहेर त्रेचाळीस असेल. खोलीत माझ्या तोंडातून वाफ निघतेय. खिडकीचे गज हाताला चिकटतात.

भिंतीपलीकडे अर्पिताचा आवाज. अजून दीड झालेला नाही. फोन सत्यभामाबाईंच्या हातात नाही, त्या ओट्यावर आहेत. आवाज भिंतीतून येतोय. मॅडम, या ना. मॅडम, या ना. वैष्णवीचाही. एकाच क्षणी. आणि तिसरा, माझ्या —

मी उत्तर देणार नाही

*

कडी वाजली. काढत आहेत. वही गादीखाली सारते. जो कुणी ही उघडेल त्यानं मिरजेला जावं, ब्राह्मणपुरी, दत्तमंदिरामागे, आईला समोर बसून वाचून दाखवावं. फोनवर नको. समोर बसून. तिला सांगा मी रागावले नाही. तिला सांगा की रोज दीड वाजता फोनवर जी बोलते ती मी